कपाळाला पट्टी, मोबाइलवर आकडा : मेंदू 'वाचणारी' उपकरणं एकाग्रता वाढवतात का?

पूर्णा जंक्शनवर सकाळी नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्यांत पाठीवर सॅक अडकवलेली मुलं दिसतातच. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. नीट-जेईईचे मोठे क्लास नांदेडला, त्यामुळे कुणी रोज ये-जा करतं, कुणी तिथेच खोली घेऊन राहतं, कुणी थेट लातूर गाठतं. नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. अशा मुलाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हुशार आहे हो, पण लक्ष लागत नाही."

या वाक्यावर आता बाजारात एक यंत्र आलं आहे. कपाळाला लावायची हलकी पट्टी. ती मेंदूतल्या लहरी टिपते, मोबाइलवरच्या अ‍ॅपला पाठवते आणि अ‍ॅप सांगतं की तुमची एकाग्रता आत्ता शंभरपैकी एवढी, ताण एवढा, मन एवढं शांत. टोरांटोच्या एका कंपनीची 'म्यूज' ही पट्टी 2014 पासून विकली जाते. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या अडीचशे ते पाचशे डॉलरच्या दरम्यान पडतात. आता भारतीय कंपन्याही अशा पट्ट्या बनवतात. म्हणजे ही खरेदी वीस-पंचवीस हजारांच्या घरात आणि पुढेही जाऊ शकते. पूर्णेसारख्या गावात हा काही किरकोळ खर्च नाही. काही ठिकाणी एवढ्यात क्लासचा एक हप्ता भरून होतो.

त्यामुळे पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. ही पट्टी नेमकं काय मोजते? आणि मोजल्याने काही सुधारतं का?

पट्टीला काय ऐकू येतं?

पट्टीत असतं ते ईईजी तंत्र, आणि ते शंभर वर्षं जुनं आहे. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतले विद्युत चढउतार पहिल्यांदा नोंदवले. खात्री पटायला त्याला पाच वर्षं लागली, शोधनिबंध आला तो 1929 मध्ये. माणसाने डोळे मिटले की एक ठरावीक लहर उठून दिसते, सेकंदाला साधारण आठ ते तेरा वेळा वरखाली होणारी, आणि डोळे उघडले की ती दबते, हे त्याच्या लक्षात आलं. तिला त्याने अल्फा म्हटलं. पुढे यादी वाढली. गाढ झोपेतली संथ डेल्टा, पेंगताना वाढणारी थीटा, जागेपणी डोकं चालवताना दिसणारी वेगवान बीटा.

यातली अडचण आहे आकाराची. डोक्याच्या कातडीवर मिळणारा हा संकेत काही दशांश मायक्रोव्होल्ट नव्हे, पण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टच्या पलीकडेही सहसा जात नाही. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो सेल दीड व्होल्टचा असतो. पन्नास मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. त्यातल्या लाखो पेशी एका तालात चालल्या, तरच कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर काहीतरी पोचतं, तेही पुसट होऊन. जत्रेतल्या कुस्त्यांचा फड लांबून ऐकल्यासारखं आहे हे. आरोळी उठली की कुस्ती निकाली झाली एवढं कळतं. कोण जिंकलं आणि कुठल्या डावावर, हे आवाजावरून कळत नाही.

त्यात शेजारचा गोंगाट. दात आवळले, भुवई उचलली, पापणी मिटली, तरी त्या स्नायूंचा आणि डोळ्यांचा संकेत मेंदूच्या संकेतापेक्षा मोठा येतो. आणि कपाळ ही तर या सगळ्या हालचालींची मुख्य जागा. घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण वेगळीच. कॅनडातले डॉक्टर एड्रियन अप्टन यांनी 1970 च्या दशकात चक्क जेलीला ईईजीचे इलेक्ट्रोड लावून दाखवले होते, आणि जेलीतूनही लहरींसारखं काहीतरी उमटलं! जेली विचार करत नव्हती. आजूबाजूच्या यंत्रांचा आणि माणसांचा विद्युत गोंधळ तिच्यातून टिपला जात होता.

दवाखान्यात ईईजी काढायला जाताना "केस धुऊन या, तेल लावू नका" असं सांगतात ते याचसाठी. तिथे साधारण वीस-एकवीस ठिकाणी जेल लावून इलेक्ट्रोड चिकटवतात आणि तंत्रज्ञ समोर बसून "डोळे मिटा, हलू नका" सांगत असतो. घरच्या पट्टीत इलेक्ट्रोड असतात चार-पाच, कोरडे, कपाळावर आणि कानामागे. मुलगा घामेजलेला, पंखा सुरू, डोक्याला तेल, आणि तोंडात पेनचं टोपण चावणं चालू. अशा स्थितीत आलेला आकडा मेंदूचा किती आणि जबड्याचा किती, हे अ‍ॅपला सॉफ्टवेअरने गाळून काढावं लागतं. ते थोडंफार जमतं, पूर्ण जमत नाही.

झोप ओळखणं सोपं, लक्ष ओळखणं अवघड

तरीही पट्टी निव्वळ थोतांड आहे असं म्हणणं चुकीचं ठरेल. एक गोष्ट ईईजी बऱ्यापैकी ओळखतं, ती म्हणजे पेंग. जागेपणातून झोपेकडे जाताना लहरींचा नमुना ठळकपणे बदलतो, आणि हा बदल माणसागणिक फारसा वेगळा नसतो. म्हणून थकवा ओळखणाऱ्या पट्ट्या ऑस्ट्रेलियातल्या खाणींत अजस्र ट्रक चालवणाऱ्यांच्या टोपीत बसवल्या गेल्या. बीजिंग-शांघाय वेगवान रेल्वेच्या चालकांच्या टोप्यांत असे सेन्सर असल्याची बातमी 2018 मध्ये 'साउथ चायना मॉर्निंग पोस्ट'ने दिली होती.

पूर्णेत रेल्वेची नोकरी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. निजामाच्या काळापासून हे रेल्वेचं गाव. इथल्या लोको पायलटच्या घरी जागं राहण्याचा प्रश्न फार ओळखीचा असतो. आपल्या इंजिनांत त्यासाठी डोक्याला काही लावत नाहीत. तिथे असतं व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस. चालकाने साधारण मिनिटभर काहीच केलं नाही, म्हणजे ना हॉर्न, ना ब्रेक, ना वेग कमीजास्त, तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, आणि तरीही त्याने बटण दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. हे यंत्र चालकाच्या मनात डोकावत नाही, त्याचे हात चालू आहेत का एवढंच बघतं. त्यामुळे त्याची चूक झाली तर ती उघड दिसते आणि तिच्यावर वाद होत नाही.

लक्ष मात्र असं 'जागा की झोपलेला' या दोन खणांत बसत नाही. भौतिकशास्त्राच्या गणितात बुडालेला मुलगा आणि कालच्या भांडणाची मनातल्या मनात उजळणी करणारा मुलगा, दोघेही पूर्ण जागे आणि आपापल्या जागी पूर्ण 'एकाग्र' असतात. कपाळावरच्या चार इलेक्ट्रोडना त्यांच्यातला फरक सांगता येत नाही. बऱ्याच अ‍ॅपमधला 'फोकस स्कोअर' हा थीटा, अल्फा, बीटा यांच्या प्रमाणावरून काढलेला अंदाज असतो, आणि प्रत्येक कंपनीचं सूत्र तिच्याकडे झाकून ठेवलेलं. एकाच्या पट्टीवरचे 70 आणि दुसऱ्याच्या पट्टीवरचे 70 यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

या प्रमाणाचा एक इतिहासही आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता असलेल्या मुलांत थीटा जास्त आणि बीटा कमी असते असं काही अभ्यासांत दिसलं होतं. 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या प्रमाणावर आधारलेल्या एका यंत्राला डॉक्टरांचं सहायक साधन म्हणून परवानगीही दिली. पण पुढच्या अभ्यासांत हा फरक तितकासा ठाम राहिला नाही, आणि 2016 मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीने सल्ला दिला की निदानासाठी याचा वापर संशोधनाबाहेर करू नये.

भावनांचं मोजमाप तर आणखी डळमळीत. डाव्या आणि उजव्या कपाळामागच्या अल्फातल्या फरकावरून माणूस उदास आहे की प्रसन्न हे सांगता येईल, अशी आशा बरीच वर्षं होती. निदानासाठी ती खूण भरवशाची ठरली नाही. ताणाच्या बाबतीत अनेक पट्ट्या मेंदूबरोबर नाडी आणि श्वासही मोजतात. माझा अंदाज असा की 'तुम्ही आता शांत आहात' या संदेशामागे बरेचदा लहरींपेक्षा नाडीच जास्त कामाची असावी.

मोजलं म्हणून सुधारतं का?

पट्टीचा खरा दावा इथे आहे. आपल्याच लहरींचा आवाज ऐकत सराव केला की मेंदू त्या बदलायला शिकतो. याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. म्यूजमध्ये मन भरकटलं की वादळवारा ऐकू येतो, शांत झालं की पक्षी किलबिलतात. कल्पना देखणी आहे. शिकागोच्या जो कामिया यांनी 1960 च्या दशकात दाखवलं की माणसाला आपली अल्फा ओळखायला आणि थोडीफार वाढवायलाही शिकवता येतं. मग 'घरबसल्या समाधी'ची लाटच आली. पण 1970 च्या दशकातच हेही दिसलं की अल्फा वाढण्यात नजर सैल सोडण्याचा वाटा मोठा आहे, आणि आनंदाचा अनुभव हा बराचसा आधीच सांगून ठेवलेल्या अपेक्षेचा परिणाम आहे.

या कहाणीत भारत आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं. बर्गरने पहिली नोंद घेतली तेच वर्ष, हा योगायोगच. योग प्रयोगशाळेत तपासायचा हा त्यांचा आग्रह होता. 1950 च्या दशकात बसू कुमार बागची आणि मॅरियन वेंगर हे अमेरिकेतले संशोधक यंत्रं घेऊन योग्यांच्या नोंदी करत भारतभर फिरले. दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि सिंग यांनी 1961 मध्ये जे प्रसिद्ध केलं, ते आजही उद्धृत होतं : दोन योग्यांनी चार अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ हात बुडवून ठेवला आणि त्यांची अल्फा टिकून राहिली. जाहिराती हा भाग आवडीने सांगतात. पण त्या योग्यांनी सराव केला होता तो बसण्याचा. ईईजीचं यंत्र तिथे फक्त साक्षीदार होतं.

मुलांच्या एकाग्रतेबाबत सर्वांत काटेकोर उत्तर मिळालं ते अमेरिकेतल्या 'आयकॅन' नावाच्या चाचणीतून. सात ते दहा वर्षं वयाची, एडीएचडी असलेली 144 मुलं. काहींना खरं न्यूरोफीडबॅक, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं पण दुसऱ्याच आधी नोंदलेल्या लहरींवर चालणारं नकली. कुणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांतल्या मुलांचं लक्ष चांगलंच सुधारलं, आणि दोन्ही गटांत जवळपास सारखंच. 2021 मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

याचा अर्थ नीट लावायला हवा. मुलं सुधारली हे खरं आहे. आठवड्यातून ठरलेल्या वेळी एक मोठं माणूस आपल्यासमोर बसतंय, मोबाइल बाजूला आहे, आपण स्थिर बसलो की कौतुक होतंय, याचा फायदा झाला. लहरींचा झाला असं दिसलं नाही. म्हणून शेजारच्या एखाद्या मुलाला पट्टीने खरंच फरक पडला असं कुणी सांगितलं, तर तो खोटं बोलतोय असं समजायचं कारण नाही. रोज वीस मिनिटं शांत बसण्याचे पंचवीस हजार रुपये दिले, की माणूस नेमाने बसतो!

आकडा कुणाच्या हातात जातो?

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. स्वतःसाठी घातलेली पट्टी एक गोष्ट, दुसऱ्याने बघायचा आकडा ही अगदी वेगळी गोष्ट.

चीनमधल्या जिनहुआ इथल्या एका प्राथमिक शाळेत 2019 मध्ये मुलांना अशा पट्ट्या घातल्या होत्या. कपाळावर दिवा : लक्ष असेल तर लाल, भरकटलं तर निळा. आकडे शिक्षकांच्या संगणकावर आणि पालकांपर्यंत जात. चित्रफीत बाहेर आल्यावर तिथेही संताप उसळला आणि स्थानिक शिक्षण खात्याला वापर थांबवावा लागला. युरोपीय संघाने तर फेब्रुवारी 2025 पासून शाळांत आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआय प्रणालींवर काही अपवाद सोडून बंदीच घातली आहे.

आपल्याकडचं उदाहरण शाळेतलं नाही, कोर्टातलं आहे. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात तरुण स्त्री-पुरुषाला जन्मठेप दिली. विचारात घेतलेल्या पुराव्यांत 'बीईओएस' ही चाचणीही होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची, आणि लहरींवरून 'हे या व्यक्तीने स्वतः अनुभवलं आहे' असा निष्कर्ष सॉफ्टवेअरने काढायचा. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा चाचण्या पुरावा म्हणून वापरू नयेत असं म्हटलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने दोघांची शिक्षा स्थगित करून जामीन दिला, आणि 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग सक्तीने करता येणार नाही.

पट्टी आणि बीईओएस एकच नाहीत, पण त्यांची गोची एकच आहे. लहरी खऱ्या असतात. त्यांना चिकटवलेलं नाव, मग ते 'अपराधी' असो की 'दुर्लक्ष', हा कुणीतरी काढलेला अंदाज असतो. सोळा वर्षांच्या मुलाला "तू अभ्यास करत होतास म्हणतोस, मग अ‍ॅप 34 का दाखवतंय?" असं विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर नाही. खोलीचं दार लावता येतं, पण डोक्याचं कसं लावणार?

माहितीचं पुढे काय होतं हाही मुद्दा आहेच. चिलीने 2021 मध्ये राज्यघटनेतच मेंदूच्या माहितीला संरक्षण दिलं, आणि 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या तक्रारीवरून 'इमोटिव' कंपनीला त्याच्या मेंदूचा साठवलेला डेटा पुसायला लावला. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मेंदूच्या डेटाचा वेगळा उल्लेख नाही. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे, पण काही सवलतींसह. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत.

मग खरा ईईजी कधी काढायचा?

लहान मुलांत, साधारण चार ते दहा वर्षांच्या वयात, एक त्रास 'लक्ष नाही' म्हणून सर्रास दुर्लक्षिला जातो. मूल बोलता बोलता किंवा लिहिता लिहिता अचानक थांबतं, पाच-दहा सेकंद शून्यात बघतं, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि काहीच घडलं नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतं. दिवसातून अनेकदा. बाई म्हणतात, स्वप्नं बघतो. हा अ‍ॅब्सेन्स प्रकारचा अपस्मार, म्हणजे फिट्सचाच एक प्रकार असू शकतो. त्यात ना माणूस पडतो ना तोंडाला फेस येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. दवाखान्यातल्या ईईजीत मात्र सेकंदाला तीनदा येणारा त्याचा ठसा स्पष्ट दिसतो. खोल आणि जलद श्वास घ्यायला सांगितलं की तो अनेकदा तिथेच उमटतो. औषधाने हा त्रास बहुतेक मुलांत आटोक्यात येतो. असं काही दिसत असेल तर पट्टीचे पैसे बाजूला ठेवून मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. मूल शून्यात गेल्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला तर डॉक्टरांना फार मदत होते.

मोठ्या मुलाचं लक्ष लागत नसेल तर आधी झोप मोजा. या वयात आठ ते दहा तास लागतात. पहाटेची गाडी आणि रात्री बारापर्यंत रील्स असा दिवस असेल तर कुठलीही पट्टी फार तर एवढंच सांगेल की मुलगा पेंगतोय. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रयोगाने दाखवलं आहे, आणि त्याला कोरा कागद पुरतो. मूल गप्प गप्प राहतंय, जेवत नाही, "मला जमणार नाही" असं वारंवार म्हणतंय, तर तो एकाग्रतेचा प्रश्न समजू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

आणि एवढं वाचूनही पट्टी घ्यायचीच असेल, तर परत करण्याची मुदत विचारून घ्या आणि पहिल्याच दिवशी घरी तिची परीक्षा घ्या. आधी डोळे मिटून दोन मिनिटं बसा, मग डोळे उघडा. अल्फा दाखवणारं अ‍ॅप असेल तर मिटल्यावर ती वाढलेली दिसायला हवी. मग दात घट्ट आवळा आणि स्कोअरचं काय होतं ते बघा. शेवटी मुलाला अर्धा तास गणितं सोडवायला द्या आणि अर्धा तास त्याचा आवडता गेम खेळू द्या, दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहा, आणि कुठला आकडा कशाचा हे न सांगता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ओळखायला सांगा.